गाभाऱ्यावरचे आकाश : कोआन, कूट आणि आपले मूळ गाव

'कोआन' हा शब्द जपानी उच्चाराने जगभर गेला असला तरी तो मुळात चिनी आहे, आणि त्याचा जन्म मठात झालेला नाही, कचेरीत झालेला आहे. चिनी 'गुंग-आन' म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढचे मेज, आणि त्या मेजावर निकालासाठी आलेले प्रकरण. एका प्रकरणात दिलेला निवाडा पुढच्यांना दाखला म्हणून उपयोगी पडतो, म्हणून त्याची नोंद ठेवायची. मराठी वाचकाला शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांतील महजर आणि निवाडपत्रे आठवावीत, अशीच ही गोष्ट आहे. गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी उभे राहत, साक्षी होत, निर्णय होई आणि कागद होई. चीनमधील चान पंथाच्या भिक्षूंनी हा कचेरीचा शब्द उचलला आणि गुरुशिष्यांच्या तुटक संवादांना लावला. मी कोण, मृत्यू म्हणजे काय, बुद्ध म्हणजे काय, असे प्रश्न तेथे खटल्यासारखे उभे राहतात. मात्र या न्यायालयात वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश एकच मनुष्य असतो.

प्रस्तुत लेखात या कोआन-परंपरेचा इतिहास थोडक्यात पाहून, तिचे आपल्याकडचे भावंड कोणते, आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या वरवर पाहता अगदी गद्य वाटणाऱ्या पट्ट्यात हे प्रश्न कोणत्या रूपाने उभे राहतात, याचा विचार करावयाचा आहे.

'झेन' हा शब्द आपल्याला परका वाटतो. पण तो आपल्याच घरातून बाहेर पडून वेष पालटून परतलेला आहे. संस्कृत 'ध्यान' प्राकृतात 'झाण' आणि पालीत 'झान' झाले. बौद्ध भिक्षूंबरोबर ते चीनला गेले, तेथे 'चान' झाले आणि जपानात 'झेन'. कल्याण हे त्या काळचे मोठे बंदर. तेथील व्यापाऱ्यांनी व उपासकांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आजही वाचता येतात. झेन कल्याणहून गेले असा याचा अर्थ नव्हे. चान पंथ ही चिनी भूमीतील निर्मिती आहे. परंतु ज्या भूभागाविषयी आपण बोलत आहोत त्याला 'झाण' हा शब्द एके काळी चांगलाच परिचयाचा होता, एवढे खात्रीने म्हणता येते.

चान पंथाचे बहुतेक प्रसिद्ध संवाद तांग राजवटीतील आचार्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी झाओझोउ (जपानी नाव जोशू, इ.स. ७७८ ते ८९७) हा सर्वांत मिताक्षरी. मठात नव्याने आलेल्या एका भिक्षूने उपदेश मागितला, तेव्हा त्याने पेज घेतलीस का एवढेच विचारले. घेतली, असे उत्तर येताच वाडगे धुऊन ठेवण्यास सांगितले. झाले, उपदेश संपला. दुसऱ्या एकाने कुत्र्याच्या ठायी बुद्धत्व आहे काय, असे विचारले. शास्त्राप्रमाणे उत्तर 'आहे' असे यावयास हवे; झाओझोउने एकच नकारार्थी अक्षर उच्चारले. जपानी उच्चारात ते 'मू' म्हणून प्रसिद्ध आहे. हा नकार 'आहे'च्या विरुद्ध असलेला 'नाही' नव्हे. 'आहे की नाही' हा प्रश्नच जेथे टिकत नाही अशा जागेकडे तो बोट करतो, असे परंपरा मानते.

हे संवाद पुढे संग्रहित झाले. शुएदोउ (इ.स. ९८० ते १०५२) याने शंभर प्रकरणे निवडून त्यांवर पद्ये रचली. बाराव्या शतकात युआनवू याने त्यांवर केलेल्या प्रवचनांतून 'निळ्या कड्याची नोंद' हा ग्रंथ सिद्ध झाला. विशेष असे की, युआनवूचाच शिष्य दाहुई (इ.स. १०८९ ते ११६३) याने गुरूच्या या ग्रंथाचे छपाईचे ठोकळे जाळून टाकले, असे परंपरा सांगते. लोक प्रकरणांची सुरेख उत्तरे पाठ करू लागले होते, आणि पाठ केलेले उत्तर हा या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा. दाहुईने मग वेगळीच रीत घालून दिली. सगळी गोष्ट बाजूला ठेवावी, तिच्यातील कळीचा एकच शब्द धरावा, आणि उठता-बसता त्याच्याशी झोंबावे. त्याच्या ज्या पत्रांतून ही रीत आपल्याला कळते, त्यांतील बहुतेक पत्रे भिक्षूंना नव्हे, सरकारी नोकरीत गुंतलेल्या गृहस्थांना लिहिलेली आहेत. कामाच्या गजबजाटात केलेली साधना एकांतातील साधनेपेक्षा अधिक बळकट होते, असे तो पुन:पुन्हा बजावतो. पुढे इ.स. १२२८ मध्ये वूमेन याने अठ्ठेचाळीस प्रकरणांचा संग्रह केला आणि त्यात पहिले स्थान 'मू'ला दिले. तो स्वत: या एका अक्षरापाशी सहा वर्षे अडून बसला होता. जपानात अठराव्या शतकात हाकुइन याने या साधनेला शिस्तबद्ध क्रम लावला. एका हाताचा आवाज कोणता, हा प्रसिद्ध प्रश्न त्याचाच.

आता आपल्या भूगोलाकडे येऊ. शुएदोउची शंभर प्रकरणे चीनमध्ये हातोहात फिरत होती, साधारण त्याच काळात वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले. मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे, आणि त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव येते. काळ्या पाषाणातील भूमिज शैलीचे हे मंदिर शिल्पांनी इतके लगडलेले आहे की बाहेरच्या भिंतीवर डोळा ठरत नाही. आणि आत? सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली जावे लागते. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. बाहेर जी समृद्धी दिसली तिचा येथे मागमूस नाही. खाली पिंडी आणि वर आकाश. शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे गाभाऱ्यात ऊन येते, पाऊसही येतो. 'अंबर' म्हणजे आकाश हे ध्यानात घेतले म्हणजे या योगायोगाची गंमत वाटते. शेकडो मूर्तींनी मढवलेल्या भिंती ओलांडून भक्त जेथे पोचतो, तेथे त्याला पाहण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही. माम्वाणीच्या स्थपतीला चान पंथ ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु ज्याला कोआनचे शिक्षण एका दृश्यात हवे आहे, त्याने या पायऱ्या उतरून पाहाव्यात.

आपल्याकडे कोआनसारखे काही होते काय, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. मराठीत कूट रचना आहेत, भारुडे आहेत, उखाणे आहेत. पण कूटाला उकल असते आणि ती सांगता येते. कोआनला सांगता येण्यासारखी उकल नसते. म्हणून खरे साम्य कूटांत नाही, संतांच्या आख्यायिकांत आहे. वूमेनचा संग्रह झाला त्यानंतर साठ-सत्तर वर्षांतच ज्यांचे संदर्भ पडतात अशा तीन कथा पाहा.

पहिली नामदेवांची. संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटी घेऊन एकेकाचे डोके थोपटले. बाकीचे शांत बसले, नामदेव रागावले. मडके कच्चे आहे, असा निवाडा झाला. दुसरी कथा तिच्यातूनच निघते. गुरूच्या शोधात नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, तर हा म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांनी हटकताच त्याने, जेथे देव नसेल तेथे माझे पाय नेऊन ठेव, असे सांगितले. आणि नामदेव पाय उचलून जेथे ठेवू जात तेथे पिंडी दिसे. चान परंपरेतील दानशिया (इ.स. ७३९ ते ८२४) या भिक्षूने थंडीत बुद्धाची लाकडी मूर्ती जाळून शेक घेतला, ही कथा हिची सख्खी बहीण शोभेल. दोन्हींत श्रद्धेचा अपमान झालासा वाटतो, आणि दोन्हींत प्रत्यक्षात श्रद्धेची हद्द तेवढी पुसली जाते.

तिसरी कथा चांगदेवांची. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी कोवळ्या ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठा. नमस्कार लिहावा, तर आपले वय आड येते. अखेर त्याने कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. पुढे निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, ते 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहे.

ही कथा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण साम्य आणि भेद दोन्ही तिच्यात एकाच जागी सापडतात. कोरा कागद हा चान आचार्याच्या हाती पडला असता तर? त्याच्यापुढे दोनच शक्यता होत्या. हा कागद शून्याची खूण आहे की केवळ गोंधळाची? दिसायला दोन्ही सारखेच. मुक्ताबाईने एका वाक्यात फरक ओळखला, आणि वाक्यही असे योजले की 'कोरा' या शब्दाचे दोन्ही अर्थ जागे राहावेत: ज्याने काहीच मिळवले नाही तो कोरा, आणि ज्यावर काहीच चिकटले नाही तोही कोरा. झेन गुरू येथे थांबला असता. घंटा वाजवून त्याने चांगदेवाला खोलीबाहेर काढले असते आणि पुढच्या भेटीपर्यंत त्या एका वाक्याशी झगडत ठेवले असते. आपल्या परंपरेने मात्र पासष्ट ओव्या लिहिल्या. उपेक्षा न करता समजावून सांगणे हा वारकऱ्यांचा धर्म आहे. म्हणूनच आपली कोआने कीर्तनात गेली, लाखो निरक्षरांपर्यंत पोचली. आणि म्हणूनच ती साधनेची हत्यारे न राहता गोड गोष्टी झाल्या. झेनने आपली धार राखली, त्यासाठी ती मठाच्या दारामागे एका गुरूपुरती आणि एका शिष्यापुरती ठेवली. यांतले कोणते बरे, हे सरळ सांगता येत नाही. आपण दिलेली किंमत कोणती होती, एवढे ओळखले तरी पुरे.

ज्ञानदेवांची परंपरा गहिनीनाथांमार्फत नाथपंथाशी जोडलेली, आणि नाथपंथाचे एक नाव या परिसराच्या अगदी माथ्यावर आहे. अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडावर हाजी मलंग यांचा दर्गा आहे असे मुसलमान मानतात. तीच मच्छिंद्रनाथांची समाधी आहे असे अनेक हिंदू मानतात. तेथील वहिवाट एका ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आली, माघी पौर्णिमेला दोन्ही धर्मांचे लोक गड चढत आले, आणि गेली काही दशके हे स्थान राजकीय वादाचा विषय होऊन बसले आहे. वहिवाटीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे 'गुंग-आन' या शब्दाच्या मूळ अर्थानेही हे एक प्रकरणच आहे.

दर्गा की समाधी? इतिहासकाराला आणि न्यायाधीशाला या प्रश्नाचा विचार पुराव्याने करावा लागतो. तेथे 'मू' म्हणून चालणार नाही. परंतु जो माणूस नवस फेडावयास गड चढतो, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न फार पुढे कधी आलाच नव्हता. तो कोणीतरी त्याच्या हाती नंतर दिला. कोआनचे एक काम असे की, आपण ज्या 'हे की ते' मध्ये अडकलो आहोत ते आपल्या गरजेतून आले आहे की दुसऱ्याने पुढे केले आहे, हे तपासावयास लावणे. झाओझोउचा नकार कुत्र्याविषयी नव्हताच. तो विचारणाऱ्याच्या 'एक तर हे, नाही तर ते' या सवयीविषयी होता.

गडावरून खाली उतरले की उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव आनंदाचे मिळाले. पण आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. छावणी संपून पाऊण शतक झाले, शब्द गेलेला नाही.

कोआनांपैकी एक अत्यंत प्रसिद्ध प्रकरण असे आहे: तुझे आईबाप जन्मण्यापूर्वीचा तुझा मूळ चेहरा कोणता, ते दाखव. मठातील भिक्षूला हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न वाटेल. उल्हासनगरात तो रोजचा आहे. मराठी माणूस ओळख होताच विचारतो, तुमचे मूळ गाव कोणते? त्याला कोकणातले, घाटावरचे, खानदेशातले नाव अपेक्षित असते. ज्याचे गाव सीमेपलीकडे राहिले, ज्याच्या नातवाने ते पाहिलेले नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्याने काय सांगावे? शिकारपूर म्हणावे की कॅम्प नंबर चार? सिंधी म्हणावे, तर राष्ट्रगीतात नाव आहे आणि नकाशात प्रांत नाही. बदलापुरातही हाच प्रश्न सौम्य रूपाने भेटतो. गिरणगाव ओसरल्यावर लालबाग-परळच्या चाळींतून निघालेली अनेक कुटुंबे परवडणाऱ्या घरासाठी येथवर आली. त्यांचे एक गाव कोकणात, दुसरे चाळीत, तिसरे सातबाऱ्यावरून सदनिकेत गेलेले. मूळ कोणते?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. एक, गमावलेले गाव हेच खरे, बाकी सारे तात्पुरते. दुसरे, गाव वगैरे भ्रम आहे, आत्म्याला गाव नसते. पहिले उत्तर माणसाला जन्मभर छावणीत ठेवते; दुसरे त्याच्या दु:खाचा अपमान करते. झेन गुरू दोन्ही उत्तरे परत पाठवतो, कारण दोन्ही ऐकीव आहेत. 'दाखव' या शब्दावर त्याचा भर असतो. जो चेहरा हे विचारतो आहे तोच पुढे आण, एवढेच तो मागतो. ज्यांनी बराकीत दुकान थाटले, फाटके कापड शिवून विकले, मुलांना शाळेत घातले, त्यांनी आपल्या परीने असे काही दाखवले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होऊ नये.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा, आणि तो याच मातीतून येतो. या तिन्ही शहरांत नवबौद्ध समाज मोठा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठी बौद्धांना जो धम्म मिळाला तो डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातला: दु:ख सामाजिक आहे, त्याला कारणे आहेत, आणि ती दूर करता येतात. त्याआधी धर्मानंद कोसंबींनी पाली साहित्याच्या आधारे जो बुद्ध मराठीत आणला, तोही विवेकी आणि करुणामय. या दोघांच्या वाटेत कोआनला जागा नव्हती, आणि ते सकारण होते. पाली परंपरेत मालुंक्यपुत्त नावाचा भिक्षू बुद्धाला विचारतो की, जग शाश्वत आहे काय, मृत्यूनंतर तथागत असतो काय. बुद्ध उत्तर नाकारतो आणि विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतो. बाण कोणी मारला, त्याचे गोत्र कोणते, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस मरूनच जाईल. ज्याच्या अंगात जातीचा बाण रुतलेला आहे त्याच्यापुढे एका हाताच्या आवाजाचा प्रश्न ठेवणे ही क्रूर चैन नव्हे काय?

आक्षेपाला बळकटी देणारा इतिहासही आहे. ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक नामांकित जपानी झेन आचार्यांनी साम्राज्याच्या युद्धाला कसा उघड पाठिंबा दिला, हे कागदपत्रांनिशी दाखवले. सोतो पंथाने १९९२ मध्ये आणि रिंझाई पंथाच्या म्योशिन्जी शाखेने २००१ मध्ये या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला. शेकडो कोआने 'सोडवलेली' माणसे शेजारी देशावरील आक्रमणाला धर्मकार्य म्हणू शकली, याचा अर्थ स्पष्ट आहे. 'हे' आणि 'ते' यांतील भेद विरून जाण्याचा अनुभव आपोआप न्यायबुद्धी देत नाही. मारणारा आणि मरणारा यांतील भेदही त्यात विरून जाऊ शकतो. ओशोंनी पुण्यात १९७४ पासून आणि अखेरीस १९८८-८९ मध्ये दिलेल्या प्रवचनांतून झेनकथा आपल्याकडच्या अनेक वाचकांपर्यंत पोचल्या. त्या मोहक आहेत, पण ही बाजू त्या मोहात सहज नजरेआड होते.

तर मग कोआनचे काय करावे? माझ्या मते मालुंक्यपुत्ताची गोष्ट आणि झाओझोउची गोष्ट शेजारी ठेवून वाचावी. बुद्ध प्रश्न बाजूला सारतो, कारण बाण आधी काढावयाचा आहे. झाओझोउही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो वाडगे धुवावयास सांगतो. दोघेही विचारणाऱ्याला शब्दांकडून कामाकडे वळवतात. कोआन जेव्हा या कामापासून सुटते, तेव्हा ते म्योशिन्जीला माफी मागावयास लावणारे हत्यार होते किंवा चहाबरोबर सांगावयाचा चुटका होते. काम धरून राहिले, तर आपले ठाम उत्तर कोठून आले, हे तपासण्याची ती एक कडक शिस्त ठरते. आणि बाण काढण्याच्या कामातही अशा तपासणीची गरज पडते. बाण कोणता आणि आपण कवटाळून बसलेली जखम कोणती, हे नेहमीच एका दृष्टीत कळत नाही.

दाहुईने आपली रीत मठासाठी नव्हे, कचेरीत जाणाऱ्यांसाठी बेतली होती, हे पुन्हा लक्षात आणून द्यावेसे वाटते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. लोकलने जाता-येता दिवसाचे तीन तास सहज मोडतात, तेही बहुधा उभ्याने. या गर्दीत ध्यान कसले, असे आपण म्हणू; दाहुईने नेमके उलट म्हटले असते. एकच प्रश्न घ्यावा, त्याचे उत्तर पुस्तकात शोधू नये, आणि तो सोडूही नये. जपानी प्रश्नच हवा असे नाही. उल्हासनगरात, अंबरनाथला, बदलापुरात नवी ओळख झाली की जो प्रश्न पहिल्याप्रथम कानी येतो तो पुरेसा आहे. तुमचे मूळ गाव कोणते, हे कोणी विचारले तर गावाचे नाव अवश्य सांगावे. मग ते नाव सांगणारा कोण, याचा शोध कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत चालू द्यावा.